‘हिपा कम्प्लायंट’ सॉफ्टवेअर घेतलं म्हणजे हॉस्पिटलची कायदेशीर जबाबदारी संपते का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरच्या धंतोलीत पंचवीस खाटांचं हॉस्पिटल आहे. यंदा कागदी फाइली बंद करून सगळं संगणकावर न्यायचं ठरलंय. सॉफ्टवेअर विकायला आलेला माणूस म्हणतो, आमचं प्रॉडक्ट ‘हिपा कम्प्लायंट’ आहे, डेटा क्लाउडवर सुरक्षित आहे, कायद्याचं टेन्शन तुम्ही घ्यायचंच नाही. डॉक्टरांनी विचारलंय की हे खरं आहे का, आणि नसेल तर आपल्याकडे नेमकं काय लागू होतं.

खरं नाही, डॉक्टरसाहेब. हिपा (HIPAA) हा अमेरिकेचा १९९६ चा कायदा; पेशंटची माहिती गुप्त आणि सुरक्षित ठेवण्याचे तिथले नियम त्यातून आले. तिथली हॉस्पिटलं, तिथल्या आरोग्य विमा कंपन्या आणि त्यांची कामं करणारे ठेकेदार यांच्यासाठी तो आहे. काटोलहून तुमच्याकडे भरती झालेल्या पेशंटच्या फाइलशी त्याचा काही संबंध नाही. शिवाय अमेरिकेचं आरोग्य खातं स्वतः कुठल्याही सॉफ्टवेअरला हिपाचं प्रमाणपत्र देत नाही आणि खासगी संस्थांनी दिलेल्या प्रमाणपत्रांना मान्यताही देत नाही. कायदा पाळायचा असतो तो माहिती हाताळणाऱ्या संस्थेने. सॉफ्टवेअर फार तर त्यासाठीची सोय पुरवतं. प्रत्येकाला वेगळा लॉगिन देण्याची सोय त्यात असेल, पण नाइट ड्यूटीच्या तिन्ही सिस्टर एकाच लॉगिनवर काम करत असतील तर ती सोय असून नसल्यासारखीच.

तरी हिपा वाचावा असं मी प्रत्येक डॉक्टरला सांगते, कारण मी हे काम शिकले ते त्याच कायद्यामुळे. मी २००३ साली नागपुरातच एका ट्रान्सक्रिप्शन सेंटरमध्ये लागले. अमेरिकन डॉक्टरांचं डिक्टेशन रात्रभर ऐकायचं आणि सकाळपर्यंत टाइप करून पाठवायचं, असं काम होतं. पहिली दोन वर्षं आमच्या हॉलमध्ये सगळं मोकळंच होतं. हिपाचा सुरक्षा नियम २००३ च्या फेब्रुवारीत निघाला आणि एप्रिल २००५ पासून तिथल्या बहुतेक हॉस्पिटलांना बंधनकारक झाला. मग त्यांच्याकडून आमच्याकडे करार आले. एका आठवड्यात हॉलमधला प्रिंटर गेला, पेन ड्राइव्हची भोकं बंद झाली, मोबाइल बाहेरच्या कपाटात ठेवायची सक्ती झाली. रफ कामासाठी आम्ही ज्या वह्या वापरायचो, त्यासुद्धा मोजून परत घेतल्या. तेव्हा आम्हाला राग आला होता. हजारो किलोमीटरवरच्या, आयुष्यात कधी भेटणार नाही अशा माणसाच्या नावासाठी एवढं? पुढे मी इथल्या हॉस्पिटलांचे रेकॉर्ड बघायला लागले आणि माझ्याच गावच्या माणसांच्या फाइली कशा पडलेल्या असतात ते पाहिलं, तेव्हा त्या वह्यांची आठवण झाली.

त्या नियमाची मांडणी मला आजही पटते. तो अमुक कंपनीचं तमुक सॉफ्टवेअर घ्या असं म्हणत नाही. आधी स्वतःची जोखीम तपासा आणि ती लिहून काढा, असं सांगतो. पेशंटची माहिती तुमच्याकडे कुठून येते, कुठे साठते, कोणाच्या हातातून जाते, कुठे गळू शकते, हे सगळं. मग उपाय तीन बाजूंनी करायचे. पहिली बाजू कारभाराची: जबाबदार म्हणून एका माणसाचं नाव ठरवणं, स्टाफला शिकवणं, नोकरी सोडणाऱ्याचा लॉगिन त्याच दिवशी बंद करणं. दुसरी जागेची: सर्व्हर कुठल्या खोलीत आहे, किल्ली कोणाकडे आहे, जुना संगणक भंगारात देताना हार्डडिस्क पुसली का. आणि तिसरी तंत्राची: लॉगिन, कोणी काय उघडलं याची नोंद, एन्क्रिप्शन (किल्लीशिवाय वाचता येऊ नये अशा सांकेतिक रूपात माहिती ठेवणं). त्यात काही अटी सक्तीच्या आहेत आणि काहींचा विचार करून निर्णय घ्यायचा आहे. ‘विचार करून’ याचा अर्थ ‘वाटलं तर’ असा इथले विक्रेते सर्रास लावतात. तसा तो नाही. उपाय का केला नाही आणि त्याऐवजी काय केलं, हे कागदावर लिहावं लागतं आणि तो कागद सहा वर्षं जपावा लागतो. एन्क्रिप्शन या दुसऱ्या गटात होतं. हा फरकच बहुतांशी काढून टाकून एन्क्रिप्शन आणि दुहेरी ओळख (पासवर्डसोबत ओळखीचा आणखी एक पुरावा) सक्तीची करावी, असा प्रस्ताव तिथल्या सरकारने डिसेंबर २०२४ च्या अखेरीस मांडला.

नागपुरात अमेरिकन हॉस्पिटलांचं कोडिंग (आजार-उपचारांना ठरलेले सांकेतिक क्रमांक देणं) आणि बिलिंग करणाऱ्यांना हिपा करारातून लागू होतो. उद्या तुम्ही तिकडचे एक्स-रे, सीटी वाचून द्यायचं काम घेतलंत तर तुम्हालाही होईल. एरवी नाही.

आता आपल्याकडचं. ‘भारतात असा कायदाच नाही’ हे वाक्य मी रामदासपेठेपासून वर्धा रोडपर्यंत प्रत्येक दुसऱ्या केबिनमध्ये ऐकलंय. फक्त आरोग्याच्या डिजिटल माहितीसाठी एकच स्वतंत्र कायदा नाही, एवढंच त्यात खरं. २०१८ साली ‘दिशा’ नावाचा मसुदा आला होता, पण तो संसदेपर्यंत पोचला नाही. तरीही लागू होणारे नियम बरेच आहेत.

पहिला म्हणजे माहिती तंत्रज्ञान कायदा २०००, त्याचं कलम ४३अ आणि त्याखालचे एप्रिल २०११ चे नियम. शारीरिक आणि मानसिक आरोग्याची स्थिती, वैद्यकीय नोंदी, पूर्वीचे आजार ही सगळी त्यात ‘संवेदनशील वैयक्तिक माहिती’ धरली आहे. ती घेताना लेखी संमती लागते. ‘वाजवी सुरक्षा’ म्हणजे काय याचं उदाहरण म्हणून आयएसओ २७००१ या माहिती-सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय मानकाचं नाव त्या नियमांतच दिलंय. डॉक्टर मला म्हणतात, ते ‘बॉडी कॉर्पोरेट’साठी आहे, आमची काही कंपनी नाही. पण त्या कलमातली व्याख्या वाचा. भागीदारी फर्म, एकट्याच्या मालकीचा व्यवसाय, व्यावसायिक काम करणारी माणसांची कुठलीही संघटना, हे सगळं त्यात येतं. बोर्डावर तुमचं एकट्याचं नाव असलं तरी तुम्ही त्यात आहात.

हे कलम आता जाणार आहे. त्याची जागा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ घेतोय. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि हॉस्पिटलांशी संबंधित मुख्य तरतुदी अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतात. हा वेळ तयारीसाठी दिलेला आहे, थांबून राहण्यासाठी नाही. नव्या कायद्यात ‘संवेदनशील’ असा वेगळा वर्ग नाही. एचआयव्हीचा रिपोर्ट आणि मोबाइल नंबर एकाच पारड्यात. मला हे पटत नाही, पण कायदा तसा आहे. माहितीची जबाबदारी तुमची, म्हणजे हॉस्पिटलची. सॉफ्टवेअर कंपनी तुमच्या वतीने काम करणारी. तिच्या हातून चूक झाली तरी जाब तुम्हाला विचारला जाणार. विक्रेत्याच्या त्या ‘टेन्शन घेऊ नका’चा फोलपणा इथे आहे. वाजवी सुरक्षा ठेवली नाही तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत, माहिती फुटल्याचं कळवलं नाही तर २०० कोटींपर्यंत. या कमाल मर्यादा आहेत. दंड ठरवताना चुकीचं गांभीर्य, ती पुन्हा घडली का, नुकसान आवरायला तुम्ही काय केलं हे बघावं, असं कायद्यातच म्हटलंय. पंचवीस खाटांच्या हॉस्पिटलला कोटींचे आकडे दाखवून घाबरवणाऱ्यांकडून काही विकत घेऊ नका.

मला जास्त खुपतं ते वेगळंच आहे. ४३अ खाली नुकसान झालेल्या पेशंटला भरपाई मागता येत होती. नव्या कायद्यात दंड जातो सरकारी तिजोरीत, आणि ज्याची माहिती फुटली त्याला त्या कायद्याखाली एक रुपया मिळत नाही.

सुरक्षेचे किमान उपाय नियमांत लिहिले आहेत: माहिती एन्क्रिप्ट करणं किंवा झाकणं, कोणाला काय दिसावं यावर नियंत्रण, कोणी काय पाहिलं याच्या नोंदी, बॅकअप, आणि ठेकेदाराशी करारात या सगळ्याचा उल्लेख. नोंदी किमान एक वर्ष ठेवायच्या. माहिती फुटली तर डेटा संरक्षण मंडळाला लगेच आणि सविस्तर ७२ तासांत कळवायचं, आणि ज्या-ज्या पेशंटची माहिती गेली त्या प्रत्येकाला विनाविलंब कळवायचं. यात अमेरिकेपेक्षा आपला नियम कडक आहे. तिथे नीट एन्क्रिप्ट केलेला लॅपटॉप चोरीला गेला तर कळवण्याची सक्ती नाही. आपल्याकडे तशी स्पष्ट सूट नाही. माहिती ‘फुटणं’ म्हणजे फक्त बाहेर जाणं नव्हे, ती वापरता न येणंही त्यात बसतं. २३ नोव्हेंबर २०२२ ला दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर रॅन्समवेअरने (माहिती कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसने) बंद पडले आणि सुमारे दोन आठवडे कामकाज कागदावर चालवावं लागलं, ते आठवा. तसं तुमच्याकडे झालं तर आणखी एक घड्याळ सुरू होतं. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या केंद्रीय सरकारी यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार असा प्रकार लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायचा असतो. रविवारी रात्री अकराला सर्व्हर बंद पडला तर पहाटे पाचच्या आत कोण कळवणार? त्या माणसाचं नाव आजच ठरलेलं हवं.

संमतीबद्दल थोडं. बेशुद्ध आलेल्या पेशंटच्या बाबतीत संमतीची वाट बघायची नाही, तातडीच्या उपचारांना कायद्याने मोकळीक आहे. लहान मुलांच्या उपचारापुरती पालकांच्या पडताळलेल्या संमतीतूनही हॉस्पिटलांना सूट आहे. बाकीच्यांना माहिती कशासाठी घेतोय हे साध्या भाषेत सांगायचं, आणि इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या बावीस भाषांपैकी हवी त्या भाषेत वाचायची सोय द्यायची. तुमच्याकडे छिंदवाड्याचे पेशंट येतात, गडचिरोलीचे येतात. गोंडी त्या बावीस भाषांत नाही. तिथे छापील कागद पुढे सरकवून भागणार नाही, बोली येणारं कोणीतरी बसून समजावणारं पाहिजे. मेडिक्लेमसाठी कागद पाठवायची संमती उपचारांच्या संमतीत घुसडू नका, वेगळी घ्या.

यापलीकडे काही आजारांना त्यांचे-त्यांचे कायदे आहेत आणि ते आजच पूर्ण लागू आहेत. मानसिक आरोग्य कायदा २०१७ चं कलम २३ पेशंटला गोपनीयतेचा हक्क देतं. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ साली आलेलं कलम ५अ म्हणतं की त्या स्त्रीचं नाव आणि तपशील कायद्याने अधिकार दिलेल्या माणसाशिवाय कोणाला सांगितले तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. आणि एचआयव्ही-एड्स कायदा २०१७, जो सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, त्याचं कलम ८ सांगतं की त्या व्यक्तीच्या लेखी संमतीशिवाय तिची स्थिती उघड करायची नाही. मोजके अपवाद आहेत. शेजारी त्यात नाहीत.

शेजाऱ्यांचा उल्लेख केला त्याला कारण आहे. सहा-एक वर्षांपूर्वी विदर्भातल्या एका हॉस्पिटलने मला रेकॉर्ड तपासायला बोलावलं होतं. सर्व्हर उत्तम, फायरवॉल उत्तम, बॅकअप रोजचा. गावाकडची एक बाई तिथे दाखवून गेली होती. दोन दिवसांनी तिचा रिपोर्ट काउंटरवरच्या मुलीने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. पोरीचा हेतू चांगला होता, एवढ्या लांबून पुन्हा खेप पडू नये. पण फाइलवरचा नंबर त्या बाईचा नव्हताच. तिच्याकडे फोनच नव्हता. तिला ज्याच्या गाडीतून आणलं होतं त्या शेजाऱ्याचा तो नंबर होता. रिपोर्ट एचआयव्हीचा होता. रात्रीपर्यंत गावाला कळलं. ती बाई परत उपचाराला आली नाही.

मी नोंदणीचा स्क्रीन उघडून बघितला. ‘मोबाइल नंबर’ या रकान्यापुढे लाल चांदणी होती. दहा आकडे भरल्याशिवाय पुढचं पान उघडतच नव्हतं. म्हणजे फोन नसलेल्या बाईला कोणाचा तरी नंबर देण्यावाचून दुसरा रस्ताच त्या सॉफ्टवेअरने ठेवला नव्हता. आणि रिपोर्ट गेला होता त्या मुलीच्या स्वतःच्या फोनवरून. त्या फोनच्या गॅलरीत तेव्हा शेकडो रिपोर्ट होते, तिच्या घरच्या फोटोंच्या मधे-मधे, आणि ते तिच्या खासगी खात्यावर आपोआप चढत होते. तिने नोकरी सोडली असती तर ते सगळे तिच्यासोबत गेले असते. त्या मुलीला मी दोष देत नाही. तिला हॉस्पिटलने फोन दिला नव्हता आणि काय पाठवायचं, काय नाही, हे कोणी सांगितलं नव्हतं. त्या हॉस्पिटलमध्ये आम्ही ती लाल चांदणी काढायला लावली. नंबरखाली दोन रकाने जोडले: ‘हा फोन कोणाकडे असतो?’ आणि ‘यावर रिपोर्ट पाठवायचा का?’ पेशंट एकटा असताना विचारायचं असं ठरवलं. तेव्हापासून मी जिथे जाते तिथे हे दोन रकाने आधी बघते.

डॉक्टरांच्या ग्रुपवर दुसरं मत विचारायला फोटो टाकताना नाव खोडलं म्हणजे झालं असं समजू नका. एक्स-रेच्या कोपऱ्यात नाव, वय, तारीख छापलेली असते. हिपात माहितीवरून माणूस ओळखता येऊ नये म्हणून काढून टाकायच्या अठरा खुणा दिल्या आहेत, त्यात तारखा, नोंदणी क्रमांक, चेहऱ्याचा फोटो हे सगळं आहे. ती यादी छापून ओपीडीत लावायला हरकत नाही.

गोपनीयतेच्या नावाखाली पेशंटलाच फाइल नाकारणारेही मी पाहिलेत. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार पेशंटने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने मागितल्यावर ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात आणि भरती पेशंटच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं ठेवाव्या लागतात. २०२३ च्या ऑगस्टमध्ये नवी नियमावली आली होती, ती त्याच महिन्यात स्थगित झाली, त्यामुळे जुनीच चालू आहे. एमएलसीची, म्हणजे पोलिसांत नोंद होणाऱ्या केसची, फाइल कोर्टाचा निकाल पूर्ण लागेपर्यंत हलवू नका. केंद्र सरकारच्या २०१६ च्या इलेक्ट्रॉनिक नोंदींच्या मानकांत म्हटलंय की माहिती पेशंटची, हॉस्पिटल ती विश्वस्त म्हणून सांभाळतं. ही मानकं शिफारशीच्या रूपात आहेत, पण सॉफ्टवेअर निवडताना तीच कसोटी लावा, कारण नोंद पुसता येऊ नये, दुरुस्ती केली तर जुनी नोंद दिसत राहावी, ही अट त्यांत आहे. उद्या ग्राहक आयोगात डिस्चार्ज कार्ड दाखल करायची वेळ आली तर तुम्हालाच तिचा आधार मिळेल.

म्हणून त्या विक्रेत्याला परत बोलवा आणि हिपाचं नाव बाजूला ठेवून विचारा. डेटा कुठल्या शहरातल्या, कोणाच्या सर्व्हरवर आहे? तुमचे किती कर्मचारी आमच्या पेशंटची नावं बघू शकतात? माहिती फुटली तर तुम्ही आम्हाला किती तासांत कळवणार? आम्हाला सहा तास असतील तर तुमचे दोन-तीनच असायला हवेत, आणि तो आकडा करारात पाहिजे. करार संपला तर सगळा डेटा दुसऱ्या सॉफ्टवेअरला वाचता येईल अशा स्वरूपात परत मिळणार का, आणि तुमच्याकडची प्रत पुसल्याचा लेखी दाखला देणार का? शेवटच्या प्रश्नावर बरेच जण गप्प होतात. जुन्या कंपनीने अडवून ठेवलेला डेटा सोडवायला मी दोन हॉस्पिटलांसोबत महिनोन्‌महिने पत्रं लिहिली आहेत.

आणि सही करण्याआधी एक सकाळ काढा. अकरा ते बारा, ओपीडीच्या गर्दीत, स्वतः काउंटरच्या मागे खुर्ची टाकून बसा. पेशंटचा आजार मोठ्याने विचारला जातो का, स्क्रीन रांगेतल्या माणसाला दिसतो का, पासवर्ड कुठे लिहिलाय, रिपोर्ट कोणाच्या फोनवरून जातायत, टीपीएला (विम्याचे दावे हाताळणाऱ्या संस्थेला) कागद कुठल्या ईमेलवरून जातात, टाकून दिलेल्या प्रिंटच्या मागच्या कोऱ्या बाजूवर कोण हिशेब करतंय, हे बघा आणि वहीत लिहा. पानावर तारीख घाला, खाली सही करा. तुमच्या जोखीम तपासणीचं ते पहिलं पान. सॉफ्टवेअरकडून काय मागायचं हे त्यावरून ठरेल.